नळीत अडकलेली गोळी

आई,

काल तुझ्या नातीच्या हातात पिस्तूल फुटलं असतं. फुटलं नाही, म्हणून आज सकाळपासून मी घरात नुसती फिरते आहे आणि कुणाला सांगू, असं झालं आहे. शर्क भागातल्या ऑफिसात संपादक माझ्या लेखाची वाट बघताहेत. इतक्या वर्षांत त्यांना मी कधी थांबवलेलं नाही, पण आज आधी तुला सांगितल्याशिवाय हातून दुसरं काही लिहून होणार नाही. तू गेलीस तेव्हा ही मुलगी जन्मलीही नव्हती. इथे कुवेतमध्येच वाढली, मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत देते, आणि मी बंदुकांच्या दुकानातून पळ काढून वर्तमानपत्रात गेले, तर ही पिस्तुलाची नेमबाजी करते.

आपल्या दुकानामागचं स्वयंपाकघर मला अजून वासासकट आठवतं. दुपारची जेवणं आटोपून चूल पुरती थंड झाली, की खिडकीखालच्या टेबलावर तुझं काम सुरू व्हायचं. रानडुकरांपासून शेत राखणाऱ्या परवानाधारकांची रिकामी काडतुसं बाबा गोळा करून आणायचे आणि तू ती पुन्हा भरायचीस. पुंगळ्या ताटलीत ओळीने उभ्या, बाजूला बंदुकीच्या दारूचा डबा. त्या वेळात घरात कुणी बोलायचं नाही. एकदा मी धावत येते, हातात माझं नाव छापलेलं पहिलं वर्तमानपत्र, आणि दारातूनच ओरडते. तू माझ्याकडे बघतेस आणि ताटलीतली एकेक पुंगळी उचलून तिच्यातली दारू डब्यात परत ओततेस. सगळ्या रिकाम्या झाल्यावर म्हणतेस, "हां, आता बोल."

"अगं, एवढ्या भरून झाल्या होत्या," मी म्हटलं. " कुठपर्यंत आली होतीस ते आठवत नव्हतं का?"

"आठवतंय असं वाटतंय," तू म्हणालीस. "वाटण्यावर कुणाच्या हातात बंदूक द्यायची नाही." मग हात धुतलेस, पेपर उलटासुलटा वाचलास आणि शिरा केलास. मी मात्र संध्याकाळपर्यंत फुगून बसले होते.

तर काल क्लबची स्पर्धा होती. पिस्तुलाची नवी काडतुसं महाग पडतात, म्हणून क्लबच्या आपसातल्या स्पर्धांना तिथल्याच वर्कशॉपमध्ये पुन्हा भरलेली वापरतात. ठरलेल्या सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या. पहिल्या दोन नीट गेल्या. तिसरीला नेहमीच्या धमाक्याऐवजी नुसतं 'फट्' झालं, कागदी पिशवीवर चापट मारावी तसं. तेवढ्या जोराने पिस्तुलाची स्लाइड मागे जात नाही आणि पुढचं काडतूस आपसूक वर येत नाही. अशा वेळी हाताने स्लाइड ओढायची आणि मारत राहायचं, ही या मुलांची सवय. तिचा डावा हात खिशातून निघून स्लाइडवर पोचलासुद्धा होता. काडतुसात दारूच नसली तर तळाच्या टोपीच्या ठिणगीने गोळी जेमतेम नळीत शिरते आणि तिथेच अडकते. मागून दुसरी आली की नळी फुटते, आणि तिच्यामागे बोटं असतात, डोळे असतात.

मी ओरडले, "थांब, हात वर कर." मराठीत. तिच्या कानांवर झाकणं होती, तरी आवाज पोचला. चौकापलीकडून बाबांना जेवायला हाक मारणारा तुझाच आवाज तो. तिने हात वर केला. सगळी रेंज थांबली. रेंजवरचे वयस्कर कुवेती अधिकारी आधी माझ्याकडेच आले. "मदाम, इधर चिल्लाना ममनू." म्हणजे सक्त मनाई. मी म्हटलं, मला हवं तर बाहेर काढा, पण आधी नळीत गज घालून बघा. त्यांनी पिस्तूल मोकळं केलं, पितळी गज आत सरकवला. तो अर्ध्यावर अडला. त्यांनी पुन्हा सरकवला, पुन्हा तिथेच अडला. मग ते सावकाश माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मदाम, आज माफी मुश्किला. आज चिल्लाव." माफी मुश्किला म्हणजे काही हरकत नाही.

काडतुसं भरणारा माणूस गुहागरकडचा. एकटाच शहराबाहेर जहऱ्यात खोली करून राहतो, राई भागातल्या एका गॅरेजात लेथवर असतो आणि संध्याकाळी हे काम करतो. त्याला बोलावलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ताई, फोन उचलला नव्हता मी. नुसता समोर उभा करून ठेवला होता."

"चालू होता?"

"घरच्या गणपतीची आरती चालू होती. यंदा सुट्टी नाय मिळाली. पण एक अक्षर बोललो नाय, आईशपथ. फक्त आरती संपताना हात जोडले."

"आणि मग?"

"मग परत भरायला घेतलं." त्याने बोटाने हवेतच एक पुंगळी ओलांडून दाखवली. "पुढच्या पुंगळीपासून."

अधिकारी त्याला कायमचा घरी पाठवायला निघाले होते. मी मध्ये पडले आणि तुझी पद्धत सांगितली: मध्येच हात थांबला, कशासाठीही थांबला, तर सगळं परत डब्यात, आणि गोळ्या बसवण्याआधी ताटली उजेडात तिरकी धरून प्रत्येक पुंगळीत डोकवायचं. तो बिचारा हिशेब करू लागला. "म्हणजे कोणी नुसतं सलाम करून गेलं तरी रिकामं? मग माझं भरून होणार कधी?"

"दाराला कडी लाव," मी म्हटलं. "आमच्या आईने बाबांनासुद्धा बाहेर ठेवलं होतं." अधिकारी हसले. तो राहिला. पण त्याने भरलेली सगळी काडतुसं आता बाद झाली आहेत आणि फोन वर्कशॉपबाहेरच्या खिळ्यावर टांगायचा आहे.

तुझ्या नातीला दुसरं पिस्तूल आणि कारखान्यातली काडतुसं मिळाली. ती फेरी पुन्हा मारून ती पाचवी आली. पदक नाही, तरी गाडी चालवताना तिच्या तोंडाला खळ नव्हता, आणि आई, ती मराठीत बोलत होती. मी स्टिअरिंगवरची तिची दहाही बोटं बघत बसले होते.

"ममा, तुला कसं कळलं? मी तर पिस्तूल धरून होते, मला नाही कळलं."

"बंदुकांच्या दुकानात वाढले मी," मी म्हटलं. तिचं समाधान झालं. रात्री मैत्रिणींना सांगत होती की माय मदर नेव्हर मिसेस अ थिंग, तिचं प्रत्येक शॉटवर लक्ष असतं.

खरं ते असं आहे. ती चाप ओढायला लागली की मी डोळे गच्च मिटून घेते. पहिल्या स्पर्धेपासून एकही गोळी मी सुटताना पाहिलेली नाही. काल त्या 'फट्'नेच डोळे उघडले. बघत बसले असते तर निशाण्याकडे बघितलं असतं आणि आवाज कानाआड गेला असता. हे तिला सांगायचं धाडस माझ्यात नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगते आहे. पुढच्या महिन्यात तिची पुन्हा स्पर्धा आहे. मी पहिल्या रांगेत बसेन, पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून.