समुद्राच्या अलीकडचा कायदा

कुचिंग, शुक्रवार

प्रिय बहारिन,

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी ‘प्रिय रेमी’ लिहिताना जीभ चावली नाहीस ना रे? दोन ओळी खुशालीच्या आणि लगेच मुद्दा: तुझ्या खाणकंपनीचा खटला आमच्या कोर्टात आहे, तो तुला वकील म्हणून स्वतः चालवायचाय, त्याला परवानगी लागते, तर मी इथल्या वकील संघटनेत एक शब्द टाकावा. वर त्रागा, की आपल्याच देशात परवानगी कसली!

अरे शहाण्या, मलेशियात सामील होताना आमच्या सारावाक राज्याच्या म्हाताऱ्यांनी अटी घालून घेतल्यात. सैन्य केंद्राचं, परराष्ट्र केंद्राचं. पण जमीन राज्याची. आणि इथे कुणी राहायचं, कुणी कोर्टात उभं राहायचं, तेही सारावाक ठरवतं. तुझ्या कंपनीनं समुद्रापलीकडून, राजधानी क्वालालंपूरच्या मंत्रालयाचा कागद आणला आणि समजली, डोंगर आपला झाला. राज्याच्या जमीन कार्यालयाची पायरीसुद्धा चढली नाही. यंत्रं थेट आमच्या लांबघरामागे, अख्खं गाव एका छपराखाली राहतं तिथे! त्या डोंगरात आमच्या पूर्वजांची थडगी आहेत, सगळ्या बिऱ्हाडांचं पाणी तिथूनच येतं. माझा भाऊ उंगात यंत्रापुढे आडवा झाला. मुकादम म्हणाला, “बाजूला हो, राजाचा हुकूम आहे.” उंगात म्हणाला, “मग राजालाच पाठव, त्याला तांदळाची दारू पाजतो. तू चालता हो.” मलाही हसू आलं होतं, यंत्रानं त्याचा पाय मोडलाय हे कळेपर्यंत.

तुझ्या घरची ईद आठवते? तुझ्या आईनं सगळ्यांदेखत विचारलं, “तुमच्याकडे माणसं अजून झाडावर राहतात ना गं?” आणि तू म्हणालास, “आई, आता उतरलीत खाली, शिडी मिळाली त्यांना.” सगळे खो खो हसले. मी ताटातलं रेंदांग चिवडत बसले. दोन महिन्यांत तू मंत्र्याच्या मुलीशी साखरपुडा केलास, त्याचं मला फार नाही वाटलं. त्या शिडीचं मात्र अजून वाटतं. माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आता कामाचं. परवानगीच्या अर्जात तू शपथेवर लिहिलंस, की जमिनीच्या कायद्याचा तुझ्या तोडीचा जाणकार अख्ख्या सारावाकात नाही. काल न्यायाधीशबाईंनी विचारलं, अर्जाला कुणाचा विरोध आहे का? मी उभी राहिले. म्हटलं, आहे. हा विषय अर्जदाराला कॉलेजात मीच शिकवला, ते त्यात दोनदा नापास झाल्यावर. अर्ज फेटाळला गेला. कंपनीचा माणूस तुला कारण सांगेल, पण विरोध करणारीचं नाव गिळेल, म्हणून हे पत्र. उंगातची वकील मी आहे. सोमवारी सुनावणी आहे, जरूर ये. मागच्या बाकावर बसायला कुणाचीच परवानगी लागत नाही. फक्त तोंड उघडायचं नाही.

तुझी न झालेली,
रेमी