गुळगुळीत बाजू

२ मार्च
आलो एकदाच्या, आई आणि मी. सामान अजून खोक्यांत आहे, पण शिलाई मशीन मागच्या खिडकीशी लागलं आणि माझा जीव भांड्यात पडला. घर बेताचंच, तरी मागे स्वतःचं अंगण आहे. आजारपणात आईची वाचा गेली, उजवं अंग गेलं, डावा हात तेवढा चालतो. जुन्या घरी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बिचारी नुसती भिंत बघत बसायची. आज तिची चाकांची खुर्ची उन्हात नेली तर मांजरासारखे डोळे मिटून बसली. मी शेजारी वेताचा मोडा टाकून हे लिहिते आहे. यापुढे रोज दुपारी इथंच लिहायचं.

५ मार्च
सगळं छान म्हणावं तर शेजारी म्हातारा निघाला. एकटाच राहतो. दोन अंगणांच्या मध्ये जेमतेम गुडघाभर उंचीची तार, आणि पलीकडे हा मान लांब करून तासन्‌तास उभा. मी त्याचं नाव बगळा ठेवलं. आधी वाटलं, झाडं बघत असेल. झाडं कसली, आमच्याकडेच बघतो. मी आईला भरवते, तिचं तोंड पुसते, केस विंचरते, आणि हा बघतो. माझी आई म्हणजे काय फुकटचा तमाशा आहे?

९ मार्च
परवानगीच्या कचेरीत जाऊन आले. तिथले साहेब म्हणाले, खांद्यापर्यंतचं कुंपण खुशाल घाला, पण डोक्याहून उंच आडोसा हवा असेल तर लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांची संमती लागेल. शिवाय फळ्यांची गुळगुळीत बाजू शेजाऱ्याकडे करायची, आडव्या पट्ट्या आपल्याकडे, अशी इथली रीत आहे. म्हटलं, चालेल.
दुसऱ्या बाजूच्या वहिनींनी लगेच होकार दिला. मग बगळ्याकडे गेले. काका काका करत अगदी गोडीत बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, इतकं उंच नको, मग मला दिसणार नाही. वर तोंड करून सांगतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

१४ मार्च
मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. तक्रार केली, म्हातारा बायकांवर नजर ठेवतो. आज साहेब पाहणीला आले तेव्हा बगळा ठरल्या जागी उभाच होता, त्यामुळे वेगळा पुरावा लागला नाही. सगळी गल्ली दारात जमली. त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण वहिनी फिसकन हसल्या आणि ते तसंच राहिलं. मान खाली घालून आत गेला. त्याच्या संमतीशिवाय परवानगी मिळाली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२० मार्च
कुंपण उभं राहिलं. एका बाजूला घर, उरलेल्या तिन्ही बाजू बंद. सुताराला सांगितलं, बगळ्याच्या बाजूला फळ्या उलट्या ठोक, गुळगुळीत बाजू माझ्याकडे आणि पट्ट्या त्याच्याकडे. सुतार म्हणाला, ताई, हे माणसाच्या तोंडावर थुंकल्यासारखं होईल. म्हटलं, तेच हवं आहे. आता बघत बस म्हणावं खडबडीत खांब आणि त्या तीन आडव्या पट्ट्या. माझ्या बाजूने सगळं इतकं सपाट की बोटही अडकत नाही.
आई मात्र कुरकुरते आहे. डावा हात उचलते, फळ्यांसमोर धरते आणि खाली घेते. होईल सवय.

२४ मार्च
म्हाताऱ्याने नवीन खूळ काढलं आहे. कुंपण ठोकतो. खालच्या अंगाला, थांबून थांबून. वहिनींनी विचारलं, आवाज कसला. म्हटलं, कुंपणाचा राग आलाय त्याला, आमच्या अंगणातून काहीही ऐकू आलं तरी कानाडोळा करा. मी मशीन चालवत बसले. आवाज बुडाला.

२६ मार्च
ठोकणं थांबलं. जिरली एकदाची.

२९ मार्च
बगळा मेला. फोन उचलत नाही म्हणून त्याची मुलगी आली, तेव्हा कळलं. अंगणात घसरून मांडीचं हाड मोडलं होतं. कुंपणापर्यंत सरपटत आला होता, एक हात खालच्या पट्टीवर होता. जुनी तार असती तर मला मोड्यावर बसल्या बसल्या दिसला असता.
मुलगी रडली नाही. म्हणाली, बाबा फोनवर सांगायचे, शेजारच्या बाई मला रोज हात करतात. आई गेल्यापासून त्यांना हात करणारं कुणी नव्हतं.
मी शेजारीच बसायचे. मान खाली घालून हे लिहीत. आईचा हात मी पाहिलाच नाही.
निघताना मुलगी एवढंच म्हणाली की बाबा कुणाचं काही ठेवून घेत नसत. मिळालं तसं परत करायचे.

२ एप्रिल
आज आई हसली. कुंपणाच्या खालच्या भागाकडे बघून तिने हात केला. तेवढ्यात फळी करकरली. लाकूड उन्हाने वाळतं, त्याचा आवाज असणार.

४ एप्रिल
आई आता जरा वर बघते. मधल्या पट्टीच्या उंचीवर. पुन्हा करकर, कुणाचं तरी वजन पडल्यासारखी.
पट्ट्या त्याच्या बाजूला आहेत. तीन पायऱ्या. मीच त्याला शिडी बांधून दिली.

५ एप्रिल
सुताराला सांगितलं, सगळं काढून टाक. उद्या येतो म्हणाला. आईला घरात नेलं तर ओरडते, डाव्या हाताने चाक धरून ठेवते. शेवटी बाहेर आणलं. मान उंच करून बसली आहे. हसते आहे. कुंपणाच्या वरच्या कडेवर बोटं — चार —

६ एप्रिल
सुतार आला नाही. हातोडी घेतली. खिळ्यांची डोकी आत बसलेली, निघेनात. मोड्यावर चढून वरची कड धरली — मनगट पकडलं कुणीतरी. थंड हात. मग सोडून दिलं. मुद्दाम —
मांडी मोडली आहे. जमिनीवरून लिहिते. वहिनींना हाका मारल्या. त्यांच्याकडचा रेडिओ मोठा झाला.

सरपटत दाराशी आले. आतून कडी लागली. माझ्यादेखत, आवाज ऐकला. घरात तर कुणी —

ऊन वाढलं. आईचे ओठ सुकलेत. तिला सावलीत न्यायला हवं, पण मला —

फळ्या बडवते आहे. धरायला काही नाही. सगळं सपाट —

मशीनच्या खिडकीत तो उभा आहे. मान लांब करून. माझ्याकडे बघतही नाही. आईकडे —

आई, मी इथं आहे. खाली बघ. आई, इकडे — तिने हात उचलला. खिडकीकडे. हसते आणि