उजनीच्या पाण्यावरची तपासणी

आबा, मला पाण्याची भीती वाटते हे तुम्हाला ठाऊक होतं. पण त्या दुपारी मला पाण्यापेक्षा साहेबांची भीती जास्त वाटत होती, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. परवा बारामतीत एका बैठकीला मला बोलावलं होतं. जलपर्यटनाची नवी योजना येते आहे, केंद्राचा निधी आहे, राज्याचं धोरण आहे, आणि नव्वदच्या दशकात ह्याच कामाची फाइल जिच्या टेबलावर होती ती बाई म्हणून मी चार शब्द बोलावेत असं त्यांचं म्हणणं. पडद्यावर आपल्या धरणाच्या पाण्याचं चित्र लावलं होतं. रोहित पक्ष्यांचा थवा, पुढं एक होडी, होडीत हसणारी माणसं. मी माणसं मोजायला लागले. मोजून झाली, आणि पाणी पिऊन येते असं सांगून मी बाहेर पडले ती परत आत गेलेच नाही. घरी येऊन हे लिहायला बसले आहे.

धरण झालं तेव्हा नदीकाठचं आपलं गाव पाण्यात गेलं, चराऊ रान गेलं, आणि तुम्ही मेंढरं विकून वल्हं हातात घेतलंत. अल्याडची माणसं पल्याड न्यायची, पल्याडची अल्याड आणायची. बाजाराला निघालेल्या बाया, एखादी शेळी, कुणाची सायकल. होडी सोडण्याआधी तुम्ही काठावर पाण्याकडं पाठ करून उभे राहायचात आणि मानेवर वारा कुठून लागतो ते बघायचात. कधी कधी नुसतं "आज न्हाय" म्हणून घरी यायचात, आणि माणसं तक्रार न करता परत जायची. मी मात्र काठावरच राहिले. बारामतीला शिकले, मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि इंदापूरला एका सरकारी कार्यालयात हंगामी टायपिस्ट म्हणून लागले. दर काही महिन्यांनी माझी नेमणुकीची ऑर्डर संपायची, आणि नवी निघेपर्यंत मला धड जेवण जात नसे. आमच्या साहेबांच्या खोलीतली घंटा वाजली की आता आपल्याला घरी पाठवतात असंच वाटायचं.

तेव्हाच्या जलपर्यटन योजनेचं परिपत्रक मीच घरी आणलं होतं. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, तुम्ही उंबऱ्याला टेकून बसला आहात, आणि मी कंदिलाजवळ कागद धरून वाचते आहे.

"पर्यटन म्हंजी काय गं?" तुम्ही विचारता.

"लोकं बघाय येत्यात, आबा. पक्षी, पाणी. सरकार इंजिनाची होडी देनार, धक्का बांधनार, शेड बांधनार. परदेशातली मानसं बी येतील म्हनत्यात."

"आनि होडी कुनाची?"

"तुमची. स्थानिक लाभार्थी पायजे असं लिवलंय. अर्ज तुमच्या नावानं करायचा."

 तुम्ही आईला म्हणालात, "पोरीनं आनलंय म्हंजी नीट वाचूनच आनलं आसंल." त्या वाक्यानं मला इतका आनंद झाला होता, की अर्जाच्या अटी मी पुन्हा एकदा वाचल्याच नाहीत.

होडी बारामतीच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये तयार होत होती. आपण दोघं एसटीनं बघायला गेलो. फायबरचा उग्र वास, पांढरीशुभ्र होडी दोन लाकडी घोड्यांवर चढवलेली. तुम्ही तिच्या पोटाखालून हात फिरवलात, मेंढीचं अंग चाचपावं तसा. कारागीर म्हणाला, आठ माणसांची आहे. तुम्ही विचारलंत, "आठ म्हंजी चालवनारा धरून का सोडून?" त्याला हा प्रश्न आवडला. म्हणाला, "धरून, आबा." परतताना डेपोजवळच्या दुकानात तुम्ही मला ऑफिसात घालायला पट्ट्याच्या चपला घेतल्यात. मी नको नको म्हणत होते. "सायबाम्होरं उभं ऱ्हायाचं आसतं," एवढंच तुम्ही म्हणालात.

धक्का झाला, शेड झाली. होडीबरोबर आठ जीवरक्षक जाकिटं यायची होती, ती तीनच आली. बाकीची मागून येतील, असं आमचे साहेब म्हणाले. महिने गेले, ती आली नाहीत. मग पत्र आलं की मुंबईचं पथक तपासणीला येणार. त्यांचा शेरा चांगला पडला तरच पुढचा निधी सुटेल. साहेबांनी मला साहित्याची यादी टाइप करायला दिली. जाकिटांपुढं "आठ, प्राप्त" असं लिहिलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. "येणारच आहेत ना," ते म्हणाले. मी टाइप केलं.  तुम्हाला सांगावं असं रोज वाटायचं, आणि रोज संध्याकाळी घरी आले की मी दुसरंच काहीतरी बोलायचे.

मे महिना होता. पथक सकाळी यायचं ते दुपारी जेवून आलं, दोन जीपमधून. मुंबईचे मोठे साहेब, त्यांच्याबरोबरची माणसं, आमचे साहेब, सगळे मिळून नऊ जण. हवा एकदम पडलेली. पलीकडच्या काठाचा ऊस हलत नव्हता. तुम्ही पाण्याकडं पाठ करून उभे राहिलात, दक्षिणेकडं बघितलंत आणि म्हणालात, "आज न्हाय जमायचं, सायेब. वळवाचं वारं उठनार हाय. सकाळच्याला या, समदं दावतो."

मोठे साहेब घड्याळाकडं बघून हसले. "आम्हाला संध्याकाळी पुण्यात पोचायचं आहे. होडी चालते की नाही तेवढंच बघायचं आहे."

"चालती. पर आठच बसत्यात."

आमच्या साहेबांनी मला शेडमागं नेलं. आवाज चढवला नाही त्यांनी. तेच जास्त भीतीदायक होतं. "वडलांना समजाव. शेरा खराब झाला तर योजना जाईल, आणि तुझी ऑर्डर माझ्या टेबलावर आहे, हे लक्षात ठेव." मी तुमच्याकडं आले. तुम्ही दोरी हातात धरून उभे होतात.

"आबा, सोडा होडी. जरा काठाकाठानं फिरवून आना."

तुम्ही माझ्याकडं नीट बघितलंत. "तू सांगतीयास का सायेब सांगत्यात?"

"मीच सांगतीया."

तुम्ही दोरी सोडलीत. पक्ष्यांची माहिती सांगायला मलाही बसवलं. तुम्ही धरून अकरा जण. तीन जाकिटं कुणाच्या अंगात गेली हे सांगायला नकोच. माझ्याकडं बघून तुम्ही हळूच म्हणालात, "चपला काढ." पाण्यात पडले तर पायात चपला नकोत, हे मला कळलं, आणि मी पट्टा सोडला.

काठाकाठानं जाऊ दिलं नाही कुणी. पक्षी मध्ये, उथळ बेटाजवळ होते. मोठ्या साहेबांना फोटो हवा होता. आपण पाण्याच्या मध्यावर असतानाच दक्षिणेकडून धुळीची भिंत उठलेली दिसली. तुम्ही लगेच होडी वळवायला घेतलीत, पण वारा आधी पोचला. पाणी एकदम काळं झालं. पहिली लाट माझ्या मांडीवर आली, दुसरी पाठीवर. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. ज्यांच्या अंगात जाकीट होतं त्यांतलेच एक साहेब उठून उभे राहिले आणि होडी कलंडली, इतकी की माझा कोपर पाण्यात गेला. तेव्हा तुम्ही ओरडलात, "बस खाली." गावातल्या पोरासोरालाही राव लावणारे तुम्ही, मुंबईच्या साहेबाला अरेतुरे केलंत, आणि ते बसले.

मग तुम्ही वल्हं काढून होडीचं तोंड वाऱ्याकडं धरलंत. सगळ्यांना तळात बसवलंत. "डबं रिकामं करा, पानी उपसा." पथकाच्या फराळाच्या डब्यांनी आम्ही पाणी बाहेर टाकत होतो. आमचे साहेब रडत होते. मी रडत नव्हते.  एकच गोष्ट डोक्यात होती, की तळाशी किती खोल असेल, आणि तिथं पोचायला किती वेळ लागेल. तुम्ही काठाकडं बघतच नव्हतात. धुळीतून मध्येच दिसणाऱ्या एका वाळक्या बाभळीच्या शेंड्याकडं बघून वल्हं मारत होतात. मला वाटलं, आबांची दिशा चुकली. आता संपलं.

खाली काहीतरी खरवडलं आणि होडी थांबली. तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उतरलात आणि म्हणालात, "उतरा. गाव हाय ह्यो."

उन्हाळ्यानं पाणी उतरलं होतं, आणि आपल्या जुन्या गावठाणाचा उंचवटा वर आला होता. अकरा माणसं एकमेकांचे हात धरून त्या पाण्यात उभी राहिली. माझ्या अनवाणी पायांखाली दगडी फरशी लागत होती. माझा दंड धरून तुम्ही कानाशी म्हणालात, "चावडी हाय. भिऊ नगंस." विजा कडाडत होत्या, गारा पडल्या, अंगावर वळ उठले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. वारा पडला तेव्हा तुम्ही चौघाचौघांना काठावर पोचवलंत. शेवटी मला.

काठावर आई उभी होती.  तुम्ही होडी वर ओढलीत, माझ्याजवळ आलात. मला वाटलं, आता मारतील. तुम्ही म्हणालात, "त्यो सायबाचा निरोप व्हता. तू तुझा म्हनून का सांगितलास?"  त्याखेरीज तुम्ही त्या दिवसाबद्दल मला कधी काही विचारलं नाहीत, एक गोष्ट सोडून.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. गुरुजींनी तो तुम्हाला वाचून दाखवला. होडीचालकाच्या निष्काळजीपणामुळे पथकाचा जीव धोक्यात आला, हवामानाची पूर्वकल्पना दिली नाही, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली. सबब लाभार्थी रद्द. होडी ट्रकवर चढवून नेली. तुम्ही बघायलाही गेला नाहीत. घरी येऊन पाटावर बसलात, भाकरीचा तुकडा मोडलात आणि मला विचारलंत, "त्यो कागद तुज्या हापिसातनं आलता. तुला ठावं व्हतं का?"

"न्हाय, आबा," मी म्हणाले. "मला दावलाच न्हाय कुनी."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि जेवलात.

माझी ऑर्डर निघाली, पुढं कायमही झाले. पल्याडची माणसं तुम्हाला बोलवायला यायची, पण लाकडी होडी तुम्ही विकून टाकली होतीत. एमआयडीसीत दुधाच्या एका कारखान्याच्या गेटवर तुम्ही रखवालीला लागलात, रोज कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून. गेटमधून गाडी आत सोडण्याआधी तुम्ही मान वळवून वारा बघता, असं तिथली माणसं हसून सांगायची. मी बारामतीच्या त्या रस्त्यानं जायचं टाळायचे. तुम्ही हात करून थांबवाल आणि पुन्हा तेच विचाराल, ह्याची मला धास्ती होती. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले होते, तेव्हाही तुम्ही तोंड उघडलंत की आता विचारतील असं वाटायचं. तुम्ही पाणी मागायचात.

हे मी कुणाला दाखवणार नाही, पाकिटात घालणार नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायचे, आणि हे मला मोठ्यानं वाचवणार नाही. तो कागद माझ्याच मशीनवर टाइप झाला, आबा. आमच्या साहेबांनी हातानं लिहिलेला मसुदा माझ्यापुढं ठेवला होता. तुमच्याबद्दलचा एकही शब्द मी बदलला नाही. त्यांनी 'निश्काळजीपणा' असं लिहिलं होतं. मी त्यातला श काढून पोटफोड्या ष घातला, आणि कागद सहीला नेऊन दिला.