दुपट्ट्यामागचा चेहरा

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

दादा नाही. गर्दीत कुठंच नाही!

पुस्तक हातात आलं तसा प्रकाशनाच्या हॉलच्या पायरीवर बसलो न् गर्दीची पानं काढली. बाजाराचं पान, मोर्चाचं पान, पुलावर लोक उभे आहेत ते पान. एकेक तोंड पाहिलं. मी एकटाच नाही, सगळेच तेच करून राहिले होते. गोष्ट कोणीच वाचत नव्हतं. एक बाई तर भिंग घेऊन आली होती. सुमंत सर म्हणून एक आहेत, बँकेतून रिटायर, ते सापडले. पुलावर, टोपी घातलेले. "मी आहे! हा बघा मी!" नाचले अक्षरशः.

गिरिधर खेर्डेकरांची ही जुनी रीत. वाचकानं आपला पासपोर्ट फोटो पाठवायचा, ते आपल्या वीजराव नावाच्या हिरोच्या चित्रकथेत, गर्दीत त्याचं तोंड काढणार. मासिक बंद पडलं, वीजराव बी बंद झाला. आता म्हातारपणी त्यांनी नवीन पुस्तक काढलं, पुन्हा फोटो मागवले. लोकांनी आपापले पाठवले. मी दादाचा पाठवला, प्रकाशकाच्या पत्त्यावर. फोटोच्या मागं लिहिलं — हा माझा मोठा भाऊ धर्मेंद्र, घरून गेला तो आला नाही. वीजराव वाचायचं कधी सोडत नाही. स्वतःले पाहिलं तर येईल.

म्हातारा खुर्चीवर बसून सह्या करून राहिला होता. हात थरथरतो. जवळ जाऊन विचारायची हिंमत झाली नाही.

परत येताना बसमध्ये पुस्तक उघडलंच नाही.

१० नोव्हेंबर

भैय्याजी म्हणे, "काहून बे निलू, तोंड काहून उतरलं?" सांगितलं. ते दुकानाचे मालक, नागपूरच्या हुडकेश्वरात सगळ्यात जुनं फ्लेक्सचं दुकान त्यांचं. हसले. "अबे, पुस्तकातून माणूस सापडते का? पोलिसात जा."

पोलिसात जाऊन काय सांगू? पोलीस झाला म्हणून गेलेला माणूस हरवला?

कोणाले सांगितलं नाही, इथं लिहून ठेवतो. दादा भरतीले दोनदा पडला. तिसऱ्यांदा घरी येऊन म्हणे, लागलो! आईनं गावभर पेढे वाटले. पोट्ट्यांनी चौकात फ्लेक्स लावला — 'पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', दादाचा हा एवढा मोठा फोटो. गुलाल, डीजे, बैलगाडीतून मिरवणूक. दादा गाडीत मान खाली घालून बसला होता. मले वाटलं लाजून राहिला. मग ट्रेनिंगले म्हणून नागपूरच्या गाडीत बसला. फोन बंद. शेवटी मामानं यादी पाहिली — त्यात त्याचं नाव नव्हतंच. फ्लेक्स ऊन खाऊन फाटला तरी कोणी काढला नाही. आई त्या चौकातून जातच नाही, मागच्या गल्लीनं जाते.

न् मी इथं, गावापासून एवढ्या लांब, दिवसभर लोकांची तोंडं कापून हार्दिक शुभेच्छामध्ये बसवतो. नशीबच.

११ नोव्हेंबर



वीजराववाल्यांच्या ग्रुपवर सकाळपासून आग लागली. 'हेल्मेट काढलं!' 'दुपट्टा सोडला!' 'म्हाताऱ्यानं वाट लावली!' वीजराव म्हणजे लाईनमन, तारेचा झटका बसून ताकद आलेला. डोक्यावर पिवळं हेल्मेट न् तोंडाले दुपट्टा, आपण मे महिन्यात बांधतो तसा. आजपर्यंत एकाही अंकात तोंड दाखवलं नाही. लहानपणी मी न् दादा भांडायचो, आतून कसा असंल. मी म्हणायचो मिशा असतील.

नूपुर मॅडम ग्रुप चालवते. तिनं लिहिलं, 'सगळ्यांनी आधी शेवटचं पान वाचा, मग शिव्या द्या.'

मी वाचलं. वीजराव खांबावरून उतरतो. कोणाले वाचवत नाही, नुसता उतरतो. हेल्मेट काढून गुडघ्यावर ठेवतो. दुपट्टा सोडतो.

दादा!

मी गर्दीत शोधून राहिलो न् तो मधोमध बसला होता. भैय्याजी ओरडले, "मशीन थांबली, कुठं मेला?" मी पुन्हा तेच पान काढलं.

१२ नोव्हेंबर

ग्रुपवरचं उतरवून घेतो.

'हा वीजराव? हा तर पानठेल्यावर उभा राहणारा कोणताही पोट्टा.'

'पैसे वापस करा.'

'पुऱ्या पुस्तकात एक मारामारी नाही. वीजराव डबा खाऊन राहिला चार पानं!'

'डाव्या हाताले चारच बोटं. खेर्डेकरांना आता बोटंही मोजता येत नाहीत. रिटायर व्हा काका.'

सुमंत सर: 'मी चाळीस वर्षांपासून वाचक आहे. मला या चेहऱ्याने फसवल्यासारखं वाटतं. याच्या डोळ्यांत काहीच नाही.'

डोळ्यांत काहीच नाही म्हणे! बैलगाडीत मान वर केली असती तर असेच दिसले असते.

कोणीतरी दादाच्या तोंडाचं स्टिकर केलं. खाली लिहिलं, 'लाईट गेली, मी पण गेलो.' सगळे तेच पाठवून राहिले.

१३ नोव्हेंबर

राहवलं नाही. ग्रुपवर टाकलं — हा माझा भाऊ आहे. हरवला आहे. सोबत फोटो टाकला.

पहिले सगळे हसले. "आता प्रत्येकाला आपला भाऊ दिसणार," सुमंत सर. मग नूपुर मॅडमचा फोन आला. म्हणे, "निलकंठ, खरं सांग, मजाक नाही ना?" मी म्हटलं आईची शपथ. तिनं एका बाजूले दादाचा फोटो, एका बाजूले शेवटचं पान असं करून पोस्ट बनवली. 'वीजरावचा चेहरा हरवला आहे. शोधा.' खाली आमच्या दुकानाचा पत्ता, माझा नंबर.

संध्याकाळपर्यंत सगळीकडं! मौद्यावरून फोन, वर्ध्यावरून फोन. मी भैय्याजींले वडापाव खाऊ घातला. ते म्हणे, "मानलं बे. पुस्तकातूनच सापडते तुझा भाऊ."

आईले सांगितलं.  ती म्हणे, "जेवत असंल ना रे तो?"

१५ नोव्हेंबर

चार बोटं.

काम करता करता डोक्यात आलं. दादाले पाच होती. माझ्या पाठीत ठेवून द्यायचा तेव्हा पाचही उमटायची. न् पासपोर्ट फोटोत हात दिसतच नाही. मग म्हाताऱ्यानं पानापानावर डाव्या हाताले चारच काढली, ती चूक असंल कशी? चूक एकदा होते.

म्हाताऱ्यानं त्याले पाहिला आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

नूपुर मॅडमकडून पत्ता घेऊन खेर्डेकरांच्या घरी गेलो. इथंच, आमच्या दुकानापासून दोन चौक पलीकडं! एवढे दिवस. त्यांच्या सूनबाई, अरुंधती ताई, दारातूनच परत पाठवत होत्या — "बाबांना बरं नाही, लोक फोनवर फार बोलतात त्यांना." आतून आवाज आला, "तो धाकटा असेल. येऊ दे."

बसायले सांगितलं. मी उभाच राहिलो.

जसं सांगितलं तसं लिहितो. दादा समोरच्या बिल्डिंगीत वॉचमन होता. मे महिन्यात वीजरावचा जुना अंक घेऊन सही मागायले आला. काका म्हणाले, "मी म्हटलं, जरा उभा राहा रे, मला खांद्याची रेघ आठवत नाही. मग रोज ड्युटी संपली की यायचा. उभा राहायचा. बोलायचा कमी." बोट गेटच्या चाकात गेलं. सरकतं गेट बंद करताना. कोणाले सांगितलं नाही, रुमाल गुंडाळून ड्युटी पुरी केली.

"मग तुझं पाकीट आलं. उघडलं, तर आतून हाच निघाला. मी त्याला दाखवला. तो खाली बसला. म्हणाला, निल्याचं अक्षर आहे. सांगू नका काका, मी पोलीस होऊन गेलोय घरून, वॉचमन होऊन कसा जाऊ? मी शब्द दिला."

"मग काढला काहून?" मी ओरडलोच.

"सांगणार नाही म्हटलं होतं. काढणार नाही असं नव्हतं म्हटलं."

मग पुस्तक ओढून शेवटचं पान काढलं.  म्हणे, "गर्दीत काढला असता तर लोकांनी शोधला असता, भिंगं घेऊन. दुपट्ट्यामागे कोणाचा खरा चेहरा असेल असं कोणाच्या डोक्यातही येणार नाही. मला वाटलं, तू एकटाच ओळखशील. ओळखशील आणि गुपचूप इथे येशील."

मी एकटाच.

पायरीवर चप्पल घालायची विसरलो. समोरच्या बिल्डिंगीच्या गेटपर्यंत तसाच पळालो. तिथं दुसरा वॉचमन, नत्थूजी म्हणून, म्हातारा. "धरम? गेला ना गा तो. बिल्डिंगीतले लोक शुक्रवारपासून त्याच्यासंग फोटो काढून राहिले होते. लेकरं वीजराव वीजराव करत मागं. एक साहेब म्हणे, तू तर पोलीस होता म्हणे, फेसबुकवर वाचलं, तुझ्या गावच्यानंच लिहिलं. काल सकाळी वर्दी घडी करून ठेवली न् गेला."

"कुठं?"

"मले काय सांगते तो. पगार बी नाही घेतला."

१७ नोव्हेंबर

पहिले फ्लेक्स. आता हे. दोन्ही वेळा आपल्याच माणसांनी घालवला.

१९ नोव्हेंबर

नूपुर मॅडमले म्हटलं, पोस्ट काढा. तिनं लगेच काढली, रडली बी फोनवर. पण लोकांनी आपापल्या फोनवर उतरवून ठेवली ती कशी काढणार?

बिल्डिंगवाल्यांचे दादासंगचे फोटो ग्रुपवर आले, चार बोटांचे, न् ग्रुप पलटला. सगळे हात जोडून राहिले. 'काय पुस्तक आहे!' 'चार बोटं आठवून अंगावर काटा आला.' 'खेर्डेकर काका, माफ करा.' सुमंत सरांनी मोठं लिहिलं — 'त्या डोळ्यांत सगळं होतं, आम्हीच आंधळे.' मागच्या आठवड्यात काहीच नव्हतं त्याच डोळ्यांत! पुस्तक संपलं म्हणे, पुन्हा छापणार. एकानं मले विचारलं, 'दादा, तुमच्या भावाची सही मिळेल का?'

ग्रुप सोडला.

 आज दोन बॅनर उलटे जोडले. भैय्याजींनी चहा पुढं सरकवला न् बाजूले जाऊन उभे राहिले.

२२ नोव्हेंबर

बसस्टँड, रेल्वे स्टेशन, कुहीकडचे वीटभट्टे. कुठंच नाही. पाय थांबत नाहीत. इथं राहून काय करू, न् गावी जाऊन आईले काय सांगू? आई रोज विचारते, आला का काही फोन. रोज नवीन काहीतरी सांगतो. आज म्हटलं, मशीनचा आवाज आहे, मग करतो.

२४ नोव्हेंबर

काही नाही.

२७ नोव्हेंबर

दुपारी भैय्याजी जेवायले गेले होते. शटरपुढं सावली पडली. मले वाटलं गिऱ्हाईक.

वाळला आहे. दाढी वाढली. म्हणे, "पोस्टवर पत्ता होता. आठ दिवस समोरच्या ठेल्यावरून पाहून राहिलो तुले. तू लई पळते बे."

मी मशीन बंद केली. माफी मागायची होती. त्यानं हात पुढं केला, चार बोटांचा. मी आईले फोन लावून त्या हातात दिला. आई हॅलो हॅलो करत राहिली. मग म्हणे, "धर्मा?" त्यानं कानाले लावून ठेवला. एक शब्द बोलला नाही. आई बी मग बोलली नाही, पण तिनं फोन ठेवला नाही. कितीतरी वेळ.

शेवटी त्यानं फोन मले दिला. डोळे पुसले. म्हणे, "उद्या पुन्हा लाव."