माझी वीतभर जखम आणि तुमची तीन भोकं

प्रिय साडूभाऊंस,

थोरल्या साडूचा सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे खुशाल. तुमची खुशाली विचारत नाही, कारण ती तुमच्या मेव्हणीकडून दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर वाढली जाते. (न मागता.)

माकडहाडावरची ती केसांची गाठ तुम्हालाही झाली हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. म्हटलं, चला, आपलं दुखणं समजणारं घरात कुणी तरी झालं. सात वर्षांपूर्वी माझं लिंबाएवढं मांस कापून काढलं आणि जखम तशीच उघडी ठेवली. म्हणे, आतून भरत येऊ दे. साडूभाऊ, मी शिंपी माणूस! मलाच कापायचं आणि वर टाका घालायचा नाही, हा अपमान मी अडीच महिने पालथा पडून गिळला. रोज जुना बोळा काढायचा, नवा भरायचा, आणि मी उशी चावायची. (दोन उश्या कामास आल्या.) पुढे कित्येक दिवस मशीन कापायच्या टेबलावर चढवून उभ्यानं शिवलं. पण नातेवाइकांत वजन वाढलं. ‘थोरल्यांसारखं सोसणारा माणूस पाहिला नाही,’ असं सासूबाई चारचौघांत सांगायच्या.

आणि तुम्ही! सकाळी गेलात, तीन बारीक भोकं, त्यातून दुर्बीण, केसांचा पुंजका बाहेर, आतली पोकळी जाळून साफ, आणि संध्याकाळी आपल्या घरी चहा! रविवारी भेटायला आलो तर तुम्ही स्टुलावर चढून पंखा पुसत होता. मी आणलेली संत्री तुम्हीच सोलून मला दिलीत. मधे भोक ठेवून खास शिवलेली उशी तुमच्या मांजरानं घेतली. वर सासूबाई म्हणाल्या, “धाकटे जावई धीराचे हो. थोरल्यांनी केवढा बाऊ केला होता!” सात वर्षांची कमाई एका वाक्यात गेली. परतताना मी हिच्याशी अवाक्षर बोललो नाही. (तिच्या लक्षातच आलं नाही.) पाचव्या दिवशी तुम्ही पुन्हा टॅक्सी चालवायला बसलात, हेही कळलं. अभिनंदन करायला हवं, म्हणून करतो.

धाकट्या मेव्हणीला आशीर्वाद, मांजराला काही नाही.

तुमचा,
जळून कोळसा झालेला थोरला साडू

ता. क. : माझी गाठ परत आली आहे. त्याच जागी, महिना झाला. गिऱ्हाइकांना गुडघा दुखतो म्हणून सांगतो. हिला बोललेलो नाही. मागच्या वेळी अडीच महिने ते बोळे हिनंच बदलले, कामावर जायच्या आधी, एकदाही नाक न मुरडता. पुन्हा तेच तिला करायला लावणं माझ्यानं होणार नाही. जुन्या जखमेवर दुर्बिणीचं चालतं का, तेवढं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

ता. क. दुसरा : विचारू नका, मलाच घेऊन जा. एकट्यानं जायची छाती होत नाही. मंगळवारी टॅक्सी आणा, मी मागच्या सीटवर पालथा झोपेन. वाटेत कुणी भेटलंच, तर तपासणी तुमची आहे म्हणून सांगा.