मुदखेडच्या मास्तरांचा उलटा मोर

प्रिय आत्याबाई,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. अकरा वर्षं आपण सासू-सुना एका खोलीत, एका खाटेच्या अंतरावर बसून काम केलं, पत्र लागतंय कशाला? जे सांगायचं ते ओरडून सांगायचं, कारण तुमच्या हातोडीपुढं साधं बोललेलं ऐकूच यायचं नाही. पण आज सकाळी मुदखेडचे मास्तर येऊन गेले आणि जाता जाता असं काही सांगून गेले, की तुमच्याशी भांडल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. आधी तुमच्या फोटोशी भांडून पाहिलं. तुमचा मुलगा माधव म्हणाला, "हळू बोल, शेजारचे बघून राहिलेत." म्हणून लिहिते.

नव्या भांडणाआधी जुनं मिटवू. चार महिन्यांपूर्वी त्या दुपारी तुम्ही म्हणालात, "सुरेखा, च्या टाक." मी एका कव्हराची शेवटची शिवण ओढत होते. म्हटलं, दोनच टाके राहिलेत. दोनाचे वीस झाले. चहा घेऊन आले तर तुम्ही भिंतीला टेकलेल्या, हातोडी मांडीवर, आणि गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, चहाचा काही संबंध नाही. मला ते अजून पटलेलं नाही. चहाला उशीर झाला म्हणून माणूस इतकं रुसतं का, आत्याबाई?

तुमच्या पुढ्यात राळेच्या थाळीवर एक पत्रा होता, वर फडकं टाकलेलं. फडकं काढलं तर पितळेचा मोर. पूर्ण झालेला. तोच तुमच्या हातचा शेवटचा.

लोक अजून विचारतात, तुमचं नेमकं काय काम? मी सांगते, वह्यांची कव्हरं. चामडं माझं, पितळ आत्याबाईंचं. माझा बाप लोह्याला चपला आणि बैलांचे पट्टे शिवायचा, म्हणून कातडं कापायची रापी आणि टोचायची आरी मला लहानपणापासून हातात. तुम्ही उदगीरला शेजारच्या चाचांकडं पानदानावरची नक्षी बघत बघत ठोकायला शिकलात. तापवून मऊ केलेल्या राळेवर पत्रा बसवायचा, मागून घाव घालायचे, म्हणजे पुढून फूल उठतं. तो पत्रा मी चामड्यावर बसवायचा आणि चार कोपऱ्यांना चार रिवेट ठोकायचे. आत साधी दुकानातली वही. वही भरली की बदला, कव्हर नातवापर्यंत जातं.

आणि त्यावर तुमचे नियम! माणसाचं तोंड ठोकायचं नाही, हा पहिला. ते पुढारी आले होते, आठवतात? स्वतःचा चेहरा पाहिजे म्हणून हटून बसले. तुम्ही म्हणालात, "देवानं एकदा केलंय की, मी कशाला परत ठोकू?" शेवटी त्यांना सूर्यफूल दिलंत, आणि ते खूश होऊन घेऊन गेले. मला अजून वाटतं, त्यांना त्यात स्वतःचंच तोंड दिसलं असणार.

दुसरा नियम मला सगळ्यात नकोसा. गिऱ्हाईक आलं की तुम्ही त्याच्यापुढं माधवची शाळेतली जुनी वही टाकायच्या, आणि म्हणायच्या, "एक ओळ लिवा." काय लिहू? "काय बी." मग तुम्ही ओळ वाचायच्याच नाही. तुम्ही हात बघायच्या. डावखुरा की उजवा, अंगठा कुठं टेकतो, वही मांडीवर घेतो की टेबलावर. अंगठ्याच्या जागी पत्रा आला तर तो टोचतो आणि माणूस वही सोडून देतो, हे तुमचं शास्त्र. लोह्याच्या एका वकिलांनी ओळीच्या जागी पानभर अर्ज लिहिला होता. एका बाईंनी "दूध आणायचे आहे" असं लिहिलं. तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, "मग जा बाई, डेअरी बंद होईल." मी शरमेनं मेल्यासारखी व्हायचे. हे गिऱ्हाईक आहे की दहावीच्या परीक्षेला बसलंय?

म्हणून तुम्ही गेल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर हा नियम बंद केला. वही पोटमाळ्यावर. आता मोबाईलवर माप पाठवा, रंग सांगा, झालं काम. मला वाटलं, दुकान सुधारलं.

मोराची ऑर्डर तुम्ही घेतली त्या दिवशी मी लोह्याला भाच्याच्या जावळाला गेले होते. तुमची चिठ्ठी तेवढी सापडली, "मास्तर, मुदखेड, मोर, तपकिरी." एवढंच. मी माझ्या हातची सगळ्यात चांगली तपकिरी कातडी काढली. मेण लावून घासली. मोर पुढच्या बाजूला बसवला आणि तुमचं शेवटचं काम म्हणून रिवेट असे ठोकले, असे ठोकले, की भूकंप आला तरी हलू नये.

मास्तर आले. पांढरी टोपी, कडक इस्त्री, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी पिशवीतून जाडजूड वही काढली. म्हणाले, ही बयाज, म्हणजे शेरोशायरीची वही, चाळीस वर्षं जमवलेले शेर यात उतरवतोय. कव्हर हातात घेऊन त्यांनी आधी डोळ्यांना लावलं. मग वही आत सरकवली. मग कव्हर फिरवलं. परत फिरवलं. माझ्याकडं बघितलं आणि इतक्या अदबीनं विचारलं, की अजून कानात आहे.

"बेटी, मोर को चक्कर आ गया क्या?"

आत्याबाई, उर्दू वही उजवीकडून उघडते. हे मला माहीत नव्हतं का? नांदेडात राहते मी, निम्म्या दुकानांच्या पाट्या रोज उर्दूत बघते. पण ध्यानात आलं नाही. आपल्यासारखी धरली तर मोर छान उभा, आणि मास्तरांसारखी धरली की खाली डोकं वर पाय. ते गेल्यावर मी पोटमाळ्यावर चढले आणि माधवची वही काढली. शेवटच्या पानावर मास्तरांची ओळ होती, उजवीकडून सुरू होऊन डावीकडं गेलेली. तुम्ही तर त्यांना लिहिताना बघितलं होतं. तुम्हाला चिठ्ठीची गरजच नव्हती.

मास्तर रागावले नाहीत. "कोई बात नहीं. एक महीना लगे तो एक महीना. मैं कल बी खाली, परसों बी खाली," म्हणाले आणि गाडीला गेले. मला तेव्हा नवल वाटलं. इतकं गरीब गिऱ्हाईक मी आजवर बघितलेलं नाही.

संध्याकाळी माधवला सांगितलं. तुमचा मुलगा कसा आहे ते तुम्हाला माहीत. आधी म्हणाला, "सांग की नवी फॅशन हाय. मोर कोलांटी मारून राहिलाय." मी रापी उचलली तेव्हा गंभीर झाला. म्हणाला, "त्या पत्र्याला हात लावायचा न्हाई. आईच्या हातचं शेवटचं हाय. निघता निघता फाटला म्हंजे? भिंतीला लावू, हार घालू. मास्तरला दुसरं दे."

"दुसरं कोण ठोकणार? तुम्ही?"

"मग पैसे वापस दे."

त्याचंही खरं होतं. चार रिवेट काढायचे, पत्रा अर्धा फिरवायचा, परत ठोकायचे, सांगायला सोपं आहे. पण तो पत्रा कागदासारखा पातळ. तुम्हीच म्हणायच्या, रिवेट ठोकला की लगीन लागलं, आता मोडायचं नाही. आणि मोडलं तर पुन्हा असा मोर करणारं कुणी नाही. पण मला राहून राहून वाटत होतं, तुम्ही जन्मात भिंतीसाठी एक पत्रा ठोकला नाही. हा मोर तुम्ही मास्तरांच्या अंगठ्याची जागा सोडून काढला होता. तो त्यांचा होता. चूक माझी आणि शिक्षा त्यांना का?

दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी माधव आपल्या मोबाईलच्या दुकानातून बारीक ड्रिल घेऊन आला आणि माझ्यासमोर बसला. "मी धरतो, तू चालव," एवढंच म्हणाला.

पहिला रिवेट निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला घाम फुटला, पण निघाला. चौथा मी सगळ्यात जास्त प्रेमानं ठोकला होता. तो निघताना कोपरा घेऊनच आला. चर्र झालं आणि चीर थेट पिसापर्यंत गेली.

मी रडले. माधवही रडला, पण डोळ्यात पितळेचा कीस गेला असं त्यानं सांगितलं.

मग तो पत्रा उलटा हातात धरून मी कितीतरी वेळ बसले. मागून बघितला तर तुमचे सगळे घाव मोजता येत होते. मान आणि तुरा खोल, नेहमीसारखे. खाली पिसांकडं येता येता घाव हलके होत गेलेले. काही तर नुसते टेकवल्यासारखे. मला वाटलं, शेवटी शेवटी घाई केलीत. मनातल्या मनात जरा नावंही ठेवली. ते आता कबूल करते.

फाटलेला कोपरा झाकायला मी चामड्याचा एक छोटा त्रिकोण शिवला. मोर दवाखान्यातून पट्टी बांधून आल्यासारखा दिसायला लागला. माधव म्हणाला, "चारी कोपऱ्यांना लाव. कुणाच्या बापाला कळत न्हाई." लावले. आणि खरंच सांगते, झकास दिसलं. पितळेच्या चारी कोपऱ्यांना तपकिरी चामडं, बारीक टाके, रिवेट आत दडलेले. आधीपेक्षा चांगलं दिसतंय असं माझ्या मनात आलं, आणि लगेच तुमच्या फोटोकडं बघायची हिंमत होईना.

आज सकाळी मास्तर आले. वही आत घातली, कव्हर आपल्या बाजूनं धरलं. मोर पायावर उभा. त्यांचा अंगठा मोराला न लागता बरोबर कडेला टेकला. कोपऱ्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "ये नया है. खूबसूरत है."

गप्प बसले असते तर चाललं असतं. माधव मागून खाणाखुणा करत होताच. पण माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "मास्तरसाहेब, ही नक्षी नाही. ह्या कोपऱ्याखाली पत्रा फाटलाय. माझ्या हातून फाटला. आत्याबाईंचं शेवटचं काम होतं आणि मी ते आधी उलटं बसवलं, मग फाडलं. तुम्हाला नको असेल तर नका नेऊ."

मास्तरांनी कव्हर खाली ठेवलं नाही. छातीशी धरलं आणि म्हणाले, "तुम्हारी सास बोले थे मेरेकू."

काय बोलल्या होत्या? ऐका तुमचेच शब्द, त्यांनी सांगितले तसे.

"मास्तरसाब, हातोडी भारी हो गई अब. हाथ कांपता. ये मोर पूरा होता कि नहीं मालूम नहीं. आगे का बहू देखेगी. पहला काम बिगाडेगी वो, मैं बी बिगाडी थी. वापस देना उसकू, मगर दूसरी दुकान कू नक्को जाना."

आत्याबाई, ही काय रीत झाली?

मी बिघडवणार हे तुम्ही परक्या माणसाला आधीच सांगून ठेवलंत, त्याचं एक वेळ सोडून देते. बिघडवलंच की मी. पण हातोडी जड जातेय हे मुदखेडच्या मास्तरांना कळावं आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या सुनेला कळू नये? ते एकदा आले, तासभर बसले. मी अकरा वर्षं बसले होते. त्याच आठवड्यात मी तुम्हाला चिडवलं होतं, "आत्याबाई, हल्ली लई आराम चाललाय." तुम्ही म्हणालात, "हाव, म्हातारी झाले ना आता," आणि हसलात. मीही हसले. तेव्हा हसायच्या ऐवजी एवढंच म्हणाला असतात, की सुरेखा, हात चालेना, तर मी हातातली शिवण टाकून तुम्हाला दवाखान्यात नेलं असतं. तुम्ही वाचला असतात की नाही, देव जाणे. पण मी तुमच्या हलक्या घावांना घाई म्हटलं नसतं. त्याचंच मला फार वाईट वाटतंय, आणि ते सांगायला आता तुम्ही नाही.

मास्तर कव्हर घेऊन गेले. दारात थांबून म्हणाले, पुढच्या वर्षी नातीचं लग्न आहे, तिच्या वहीला काहीतरी करून ठेव. कोण करणार, ते त्यांनी विचारलं नाही.

मी करतेय. तुमची हातोडी घेतलीय, राळ तापवतेय. कमळ ठोकायला बसले तर फुलकोबी झाली. माधवनं भाजी करू का विचारलं. तरी दुसरा पत्रा घेतलाय.

मास्तरांच्या नातीला जे देईन ते माझ्या नावानं देईन, तुमच्या नावावर खपवणार नाही, हा माझा शब्द. आणि दुसरा शब्द हा, की ज्या दिवशी हातोडी मला जड होईल, त्या दिवशी मी ते हसण्यावारी नेणार नाही. घरात सांगेन, माझ्या शेजारी जे कुणी बसलेलं असेल त्याला आधी सांगेन. माझी बातमी माझ्या माणसांना मुदखेडहून कळायची वेळ मी आणणार नाही.

तुमची सून,
सुरेखा
नांदेड