तोफेचं तोंड कुणीकडे

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर पाठीत चमक आली. ती का, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी लिहितात की तुम्ही आता काठीशिवाय फाटकापर्यंत जाता आणि परत येताना मात्र शेजाऱ्यांचा खांदा घेता. खांदा जरूर घ्या, पण वाटेत त्यांना इतिहास सांगू नका, भला माणूस आहे. मामींचा खोकला गेला असेल. इकडे सगळं ठीक. बायको बरी आहे, मुलगा माझं ऐकत नाही म्हणजे तोही बराच आहे. माझा डावा कान उजव्यापेक्षा अजूनही जरा लांब आहे. तुम्ही मला सातवीत इतिहास शिकवलात त्याची ती खूण, त्यामुळे दाढी करताना रोज तुमची आठवण होते.

पत्रास कारण की, ज्या शाळेत तुम्ही उभा जन्म काढलात त्याच शाळेत, तुमच्याच विषयाचा मी हंगामी मास्तर आहे. हा हंगाम कुठला ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. लागलो तेव्हा डोक्यावर केस होते, त्यावरून काय तो अंदाज करा. तर यंदा मला कायम करायचं घाटत होतं. हुकूम टाइप होऊन मोठ्या बाईंच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली आला होता, फक्त सही व्हायची होती. आणि नेमकं तेव्हाच वरून परिपत्रक आलं की विद्यार्थ्यांमध्ये राष्ट्राभिमान कमी पडतो आहे, तो स्थानिक इतिहासातून वाढवावा, नमुना पाठ घ्यावा, पाठाला शिक्षणखात्याचे साहेब जातीने बसतील, आणि पाठापूर्वी अभिमान किती होता नि पाठानंतर किती झाला ते सोबतच्या रकान्यात भरून पाठवावं.

आता अभिमान मोजायचा कसा, यावर शिक्षकांच्या खोलीत सबंध मधली सुट्टी गेली. गणिताच्या बाईंनी हात वर केले. कवायतीच्या सरांना मात्र शंकाच नव्हती. अभिमानाने छाती फुगते असं आपण म्हणतो ना, मग टेप लावा, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी लगोलग नववीची पोरं रांगेत उभी करून मापं घेतली. त्यात बेकरीवाल्याचा मुलगा वर्गात सर्वांत मोठा देशभक्त निघाला. मोठ्या बाईंनी ती मापं बाजूला सारून पाठापूर्वीच्या रकान्यात स्वतःच्या हाताने ‘बेताचा’ असं लिहिलं आणि पाठानंतरच्या रकान्यात ‘ओसंडून’. पाठ अजून व्हायचा होता.

विषय अर्थात तुमचा एकटा तोफवाला. दुसरं आहे काय आपल्याकडे? नदीपलीकडून शत्रूचं सैन्य येतं, गावातले कर्ते पुरुष दूर कुठे लढाईवर, उरलेला एक तोफवाला जखमी हाताने रात्रभर तोफ डागतो, पहाटे शत्रू पळतो, आणि तोफेवर डोकं ठेवून तो प्राण सोडतो. तुम्ही ‘आणि मग पहाट झाली’ म्हणताना आवाज खाली आणायचात आणि आम्ही नाकं ओढायचो. मीही तिथेच आवाज खाली आणतो. (माझ्या वेळी कुणी नाक ओढत नाही, हल्ली मुलांना सर्दी कमी होते.) पुरावा म्हणून शाळेच्या आवारात ती तोफ आहेच, मोठ्या झाडाखाली, कमरेपर्यंत मातीत रुतलेली.

आमच्या नववीत एक मुलगी आहे. तिला शिक्षक वकीलबाई म्हणतात, कारण ती गृहपाठ वेळेवर करते आणि मग त्यातल्याच चुका आम्हाला विचारते. पाठाच्या तालमीत तिने हात वर केला आणि अगदी नम्रपणे विचारलं की सर, शत्रू नदीकडून आला ना, मग आपल्या तोफेचं तोंड गावाकडे कसं? मी म्हटलं, नंतर कुणीतरी फिरवली असेल. ती म्हणाली, झाडाचं मूळ तोफेच्या चाकाला विळखा घालून बसलंय, म्हणजे झाड रोपटं होतं तेव्हाही तोफ अशीच होती. घंटा झाली म्हणून मी वाचलो. आपल्या शिक्षणपद्धतीत घंटेचे उपकार फार आहेत.

ही गोष्ट मोठ्या बाईंच्या कानावर गेली. त्या म्हणाल्या, एवढंच ना, मग फिरवा तोफ. पाठीतली चमक ही इथली, मामा. मूळ तोडलं, दोर बांधले, आम्ही सगळे मास्तर एका बाजूला आणि इतिहास एका बाजूला. अर्धा दिवस ओढाओढ करून तोंड नदीकडे केलं. मग लक्षात आलं की नदी आणि आपण यांच्यामध्ये आता शिक्षणखात्याची इमारत आहे, आणि तोफ थेट साहेबांच्या खिडकीवर रोखली गेली आहे. मोठ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. जरा डावीकडे घेतली तर बाळंतिणींचा दवाखाना. उजवीकडे घेतली तर कोर्ट, आणि कोर्टाकडून लगेच शिपाई विचारायला आला की हा काय प्रकार आहे. अजून फिरवली तर ती मला कायम करण्याचे उपकार करणाऱ्या शाळेच्या अध्यक्षांच्या बंगल्याकडे बघू लागली. शत्रू कोण हे आधी ठरवल्याशिवाय तोफ ठेवता येत नाही, हा धडा मी नोकरीत प्रथमच शिकलो. शेवटी तोंडाखाली विटा रचून ती आकाशाकडे केली. कवायतीचे सर म्हणाले, हल्ली शत्रू वरूनच येतो.

पण या उलथापालथीत तोफेची मातीतली बाजू वर आली, आणि तिच्यावर नदीपलीकडच्या राजाचा शिक्का निघाला. पंख पसरलेला पक्षी, जो पुस्तकात आपण शत्रूच्या निशाणावर दाखवतो तोच, चोचीसकट. म्हणजे तोफ त्यांची. चित्रकलेच्या सरांनी दुपारपर्यंत त्यावर काळ्या रंगाचे दोन हात मारले. मी डबा धरून उभा होतो. वकीलबाई पाणी प्यायच्या निमित्ताने येऊन सगळं बघून गेली होती.

पाठाच्या दिवशी साहेब आले, झाडाखाली तोफेसमोरच खुर्ची टाकून बसले. हार झाला, बिस्किटं झाली, मी आवाज खाली आणून पहाट केली. मग साहेबांनी विचारलं की ही तोफ पाहून काय वाटतं. उत्तर बेकरीवाल्याच्या मुलाला पाठ करून दिलं होतं. तो उठायलाही लागला होता. साहेबांनी बोट दाखवलं ते नेमकं वकीलबाईकडे.

ती म्हणाली, “साहेब, ही तोफ त्यांची आहे. आपल्या गावावर रोखलेली होती, आणि ती इथेच टाकून त्यांना जावं लागलं. म्हणजे आपल्या माणसांनी त्यांना तोफ नसताना परत पाठवलं. मला तर आधीपेक्षा जास्त अभिमान वाटला.”

मामा, थट्टा बाजूला ठेवून सांगतो. इतकी वर्षं हा विषय शिकवतो आहे, पण त्या वर्गात कुणाला तरी खरोखर अभिमान वाटलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्या क्षणी कवायतीच्या सरांनी टेप लावायला हवी होती, माझ्या छातीला. साहेब मोठ्या बाईंकडे वळून हळूच म्हणाले, “मुलगी हुशार आहे. बंदोबस्त करा.”

बंदोबस्त असा ठरला आहे की सोमवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर तिने सगळ्या शाळेपुढे माफी मागायची, आपण एका हुतात्म्याचा अपमान केला म्हणून. माफीनामा मी लिहून द्यायचा (भाषा माझी बरी आहे, हे मोठ्या बाईंना आजच आठवलं). तिने तो वाचला की काचेचा गोळा उचलला जाईल आणि मी कायम होईन. नाही वाचला तर तिला शाळेतून काढतील आणि माझा हंगाम संपेल. मी वर्गात गेलो तर तिने एवढंच विचारलं, “सर, मी खोटं काय बोलले ते सांगा, म्हणजे तेवढ्याची माफी मागते.” मी हजेरी घेतली. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली की कायम झालास तर रोज त्या मुलीसमोर कायम राहावं लागेल, त्याचा विचार कर. ती शिकलेली नसती तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटतं.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा लांब कानाचा,
भाचा

ता. क. मागच्या वेळी माझी छत्री तुमच्याकडे राहिली. घाई नाही.

ता. क. २. छत्रीचं निमित्त करून सोमवारी सकाळी तुम्हीच आलात तर? गाडीची व्यवस्था मी करतो. मोठ्या बाई तुमच्या हाताखाली नोकरीला लागल्या, तुम्ही दिसलात की अजूनही पदर सावरून उभ्या राहतात. तुमच्यापुढे त्यांना त्या मुलीला उभं करवणार नाही. एकट्या तोफवाल्याची गोष्ट तुमच्याआधी शाळेत कुणी सांगितलेली कुणालाच आठवत नाही. मी विचारून पाहिलं.

ता. क. ३. माझा कान कशामुळे लांब झाला ते तुम्ही विसरला असाल. सातवीत, त्याच झाडाखाली, मी तुम्हाला विचारलं होतं की तोफेचं तोंड गावाकडे का. तुम्ही कान धरून म्हणालात, “तोफेकडे नको, फळ्याकडे बघ.” तेव्हापासून फळ्याकडेच बघतो आहे. माफीनामा मी लिहून ठेवला आहे, त्यात तोफेचं तोंड गावाकडेच ठेवलं आहे, भाषा खरंच बरी उतरली आहे. सहीची जागा मोकळी आहे. त्या मुलीची सही मी घेणार नाही, आणि हंगामी माणसाच्या सहीला इथे किंमत नाही. येताना तुमचं शाईचं पेन घेऊन या.